कला, वेशभूषा आणि चोचले : एका फ्रेंच मासिकाची कथा

१९१२ साली पॅरिसमध्ये रोजचे वर्तमानपत्र पाच सांतीमला मिळे. म्हणजे एका फ्रँकमध्ये वीस अंक. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेथे एक मासिक निघाले आणि त्याची वार्षिक वर्गणी होती शंभर फ्रँक. हिशेब सोपा आहे. या मासिकाच्या एका वर्षाच्या वर्गणीत सामान्य पॅरिसकराला जवळजवळ साडेपाच वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचता आले असते. मासिकाचे नाव ‘गाझेत द्यु बाँ तों’. ‘बाँ तों’ म्हणजे शब्दशः ‘चांगला सूर’. पण फ्रेंच बोलण्यात त्याचा अर्थ होतो खानदानी समाजाची रीत. कोठे कसे बसावे, काय ल्यावे, कोणत्या प्रसंगी किती बोलावे, याची जी जाण शिकवून येत नाही असे त्या समाजाला वाटते, ती. नावाच्या जोडीला मासिकाने आपले विषयही छापले होते : कला, वेशभूषा आणि तिसरा शब्द मराठीत आणावयाचा तर ‘चोचले’ हाच मला जवळचा वाटतो.

श्रोतेहो, चोचल्यांच्या मासिकावर व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ खर्च करावी काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. विषय निवडताना माझ्याही मनात तो आलाच होता. परंतु हे मासिक ज्या माणसाने काढले, त्यानेच सोळा वर्षांनी एक दुसरे नियतकालिक काढले. त्यात रेशमी झगे नव्हते. त्यात काय होते ते ओघाने येईलच. एकाच माणसाच्या नजरेने हे दोन टोकांचे काम कसे केले, हे मला सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी आधी झग्यांकडे नीट पाहिले पाहिजे.

फ्रान्समध्ये वेशभूषेची बातमी छापण्याची चाल जुनी आहे. चौदाव्या लुईच्या अमदानीत, १६७२ साली, ‘मेर्क्युर गालाँ’ नावाचे पत्र निघाले. दरबारातील वार्ता, कविता आणि नाटकांबरोबर तेथे नव्या पोशाखांचीही खबर असे. पुढे राज्यक्रांती झाली, राजाराणीची शिरे उडाली, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १७९७ साली, ‘जुर्नाल दे दाम ए दे मोद’ म्हणजे ‘स्त्रियांचे आणि वेशभूषेचे पत्र’ निघाले. ते नावारूपाला आणले ला मेझांजेर नावाच्या गृहस्थाने. मौज अशी की, हा गृहस्थ मुळात धर्मोपदेशक आणि तत्त्वज्ञानाचा शिक्षक. क्रांतीने त्याची दोन्ही कामे गेली आणि तो टोप्या-झग्यांच्या चित्रांकडे वळला. ताम्रपटावर कोरलेल्या रेषा छापावयाच्या आणि त्यांत हाताने रंग भरावयाचे, अशी ती चित्रे असत. त्या काळच्या पॅरिसमध्ये माणसे कशी दिसत, हे सांगणारा तो आज एक उत्तम पुरावा आहे. हे पत्र १८३९ पर्यंत चालले.

एकोणिसाव्या शतकात अशी पत्रे पुष्कळ झाली. त्यांच्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. बाहुल्यांसारख्या दोन स्त्रिया, मागे खुर्ची किंवा कुंडी, आणि झग्याची प्रत्येक झालर मोजून दाखवलेली. त्यांचा उपयोग मुख्यतः शिंप्यांना. शतकाच्या अखेरीस हाफटोन ब्लॉक आला, छायाचित्र थेट कागदावर छापता येऊ लागले, आणि ही हाताने रंगवलेली चित्रे मागे पडली. १९०१ साली ‘ले मोद’ हे मासिक निघाले, ते छायाचित्रांवरच उभे होते. आता वेशभूषेचे चित्र काढण्याचे कारणच उरले नाही, असे कोणालाही वाटले असते.

नेमक्या त्याच वेळी उलटे घडले. त्याला निमित्त झाला पोल प्वारे. हा पॅरिसमधील पोशाख बेतणारा एक तरुण, हौशी आणि अतिशय गर्विष्ठ कारागीर. स्त्रियांची कंबर आवळून धरणारा ताठ काचोळा त्याने आपल्या पोशाखांतून काढून टाकला. खांद्यावरून सरळ खाली उतरणारे, भडक रंगांचे कपडे केले. १९०९ पासून रशियन नर्तकांचा ताफा पॅरिसमध्ये येऊ लागला होता आणि १९१० च्या ‘शेहेराझाद’ने सगळ्या शहराला पूर्वेकडच्या रंगांचे वेड लावले होते. आपण रशियनांकडून काही घेतले, हे मात्र प्वारे शेवटपर्यंत कबूल करीत नसे. हिंदुस्थानाचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात त्याने आपल्याकडील पागोट्यांचा संग्रह पाहिला, तासन्‌तास त्यांपुढे घालवले, आणि मग आपल्या कारखान्यातील मुख्य कारागिरणीला तेथे पाठवून ती पागोटी हुबेहूब उतरवून घेतली, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. काही दिवसांतच पॅरिसच्या बायका पागोटी घालून नाटकाला जाऊ लागल्या. आपल्याकडचे पागोटे पुरुषाच्या डोक्यावरचे. तिकडे ते स्त्रीच्या डोक्यावर गेले, एवढाच फरक.

प्वारेला वाटले, आपल्या या कपड्यांना छायाचित्र न्याय देणार नाही. त्या काळचे छापील छायाचित्र काळे-करडे; आणि त्याचे सारे सामर्थ्य रंगात. त्याने १९०८ साली पोल इरीब या चित्रकाराकडून आणि १९११ साली जॉर्ज लपाप याच्याकडून आपल्या पोशाखांचे चित्रसंग्रह करवून घेतले. सपाट रंग, थोड्या रेषा, पुष्कळ मोकळी जागा. या चित्रांत जपानी छापचित्रांचे वळण उघड दिसते.

हे सारे पाहणारा एक माणूस होता ल्युसियँ व्होगेल. जन्म १८८६ चा, चित्रकाराचा मुलगा. ‘आर ए देकोरास्यों’ या कलाविषयक मासिकाशी त्याचा संबंध होता. त्याने काय केले पाहा. १९११ च्या एप्रिलात त्या मासिकात प्वारेच्या पोशाखांवर लेख आला. त्यात लपापची चित्रे होतीच. पण शिवाय एडवर्ड स्टायकेन या अमेरिकन छायाचित्रकाराने काढलेली तेरा छायाचित्रे होती. पोशाखाचे छायाचित्र ही स्वतंत्र कलाकृती होऊ शकते की नाही ते करून दाखव, असे व्होगेलनेच स्टायकेनला डिवचले होते, असे सांगतात. वेशभूषेच्या कलात्मक छायाचित्रणाचा इतिहास पुष्कळ जण या तेरा चित्रांपासून मोजतात. म्हणजे कॅमेरा काय करू शकतो हे व्होगेलला चांगले ठाऊक होते. ठाऊक असूनही पुढच्याच वर्षी त्याने मासिक काढले ते ब्रशाच्या चित्रांचे. हा अडाणीपणा नव्हता, निवड होती.

त्याची कल्पना अशी की, पोशाख बेतणे ही चित्रकलेची बहीण झाली असेल, तर त्याविषयीचे मासिकही कलेचे मासिक झाले पाहिजे. ही भूमिका पहिल्या अंकातच मांडलेली आहे. तिच्या पाठीशी पैसा उभा केला पॅरिसच्या सात मोठ्या पेढ्यांनी. वर्थ, दूसे, पाकँ, शेरुई, दॉय्ये, रेडफर्न आणि प्वारे, अशी त्यांची नावे. प्रत्येक अंकात दहा पानभर रंगीत चित्रे : सात चित्रांत सात पेढ्यांचे पोशाख, आणि उरलेल्या तिहींत चित्रकाराने स्वतःच्या मनाने बेतलेले, कोणी कधी न शिवलेले. वाचकाला प्रथमदर्शनी कळूही नये की कोणता झगा विकत मिळतो आणि कोणता नुसता स्वप्नातला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे मासिक जाहिरातच होते. सात दुकानदार एकत्र आले आणि त्यांनी आपला माल कलावंतांकडून रंगवून घेतला. परंतु व्होगेलने त्यांच्याकडून जी मोकळीक मिळवली ती आजच्याही जाहिरातदाराला पचणार नाही. चित्राचा मथळा म्हणजे एखादा प्रसंग असे. लपापच्या एका प्रसिद्ध चित्राखाली लिहिले आहे, ‘मी फार लवकर तर नाही ना आले?’ नाटकाला आलेली एक स्त्री हे स्वतःशीच म्हणते आहे. तिने अंगावर घेतलेला पायघोळ झगा प्वारेचा आहे, हे खाली बारीक अक्षरात. जुन्या पत्रांतील बाहुली झगा दाखवीत उभी राही. येथील स्त्री कोणाची तरी वाट पाहते, पत्र वाचते, कंटाळते, पावसात सापडते. झगा तिच्या अंगावर आहे, एवढेच. पोशाखाच्या चित्रात गोष्ट आली, ती येथे.

आता ही चित्रे छापीत कशी, ते सांगतो. कारण त्या पद्धतीतच या मासिकाचे सारे वैभव आणि त्याच्या अंताचे कारणही आहे. फ्रेंचमध्ये तिला ‘पोश्वार’ म्हणतात. आपल्या घरातील स्त्रियांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. दारापुढे लक्ष्मीची पावले किंवा स्वस्तिक उमटवावयाचे असले की आपण भोके पाडलेला पत्र्याचा छापा जमिनीवर ठेवतो आणि वरून रांगोळी फिरवतो. पोश्वार म्हणजे हेच. चित्रकार जलरंगात मूळ चित्र काढून देई. कारखान्यातील जाणता कारागीर त्यातील रंग वेगळे करी : येथे निळा, येथे त्याहून फिका निळा, ओठांना हा तांबडा. प्रत्येक छटेसाठी जस्ताचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा कापावयाचा. चित्राच्या काळ्या रेषा आधी यंत्रावर छापून घेत. मग एकामागून एक पत्रे त्या कागदावर अचूक बसवून, आखूड केसांच्या गोल ब्रशाने रंग भरावयाचा. एका चित्राला वीस-तीस पत्रे लागत, कधी त्याहूनही अधिक. रंग छपाईच्या शाईचा नसून खराखुरा चित्रकाराचा रंग असल्यामुळे तो कागदावर थोडा जाड बसतो; बोट फिरवले तर कडा लागते. सोन्याचांदीची पूडही अशीच बसवीत. झाँ सोदे हा या कामातील मोठा उस्ताद. या मासिकाची चित्रे त्याच्या कारखान्यात होत, आणि पुढे १९२५ मध्ये त्याने या विद्येवर एक ग्रंथच लिहिला.

कष्टाचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, अंकाच्या फक्त एक हजार प्रती काढावयाच्या आहेत. दहा चित्रे, प्रत्येकास वीस पत्रे. म्हणजे दर महिन्याला दोन लाख वेळा पत्रा ठेवावयाचा, ब्रश फिरवावयाचा, पत्रा उचलावयाचा. हे काम करणारे हात मुख्यतः स्त्रियांचे होते. त्यांतील एकीचेही नाव चित्रावर नाही. चित्रकाराची सही आहे, पेढीचे नाव आहे.

आणि झगे शिवणाऱ्या मुली? पॅरिसमध्ये त्यांना ‘मिदिनेत’ म्हणत; दुपारी घाईने दोन घास खाऊन पुन्हा सुईला लागणाऱ्या म्हणून ते नाव. त्या शेकड्यांनी या पेढ्यांच्या माडीवर राबत. मासिकाची पाने उलटून पाहिली तर मालकिणी दिसतात, त्यांचे कुत्रे दिसतात, मोटारी दिसतात, दासीसुद्धा दिसते. शिंपीण औषधालाही नाही. महायुद्ध चालू असताना, मे १९१७ मध्ये, या मुली शनिवारची अर्धी सुटी पगारासह मिळावी म्हणून संपावर गेल्या, गाणी म्हणत रस्त्यांतून फिरल्या, आणि महिन्याभरात सरकारला तसा कायदा करावा लागला. मासिक तेव्हा बंद होते. चालू असते तरी त्यात या संपाचे चित्र आले नसते. समाजाचा आरसा म्हणून आपण अशी पत्रे पाहतो, पण हा आरसा धरणाऱ्याने तो माडीकडे कधी वळवलाच नाही.

असो. मासिकाच्या अंगाची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती त्याच्या अक्षरांची. आपल्याकडे निर्णयसागरच्या खिळ्यांना जो मान होता, तो पॅरिसमध्ये पेन्यो यांच्या टाइप फाउंड्रीला होता. जॉर्ज पेन्यो याने अठराव्या शतकातील कोरक्यांच्या अक्षरांवरून ‘कोशँ’ नावाचा टाइप पाडला, आणि व्होगेलने आपले मासिक त्यात जुळवले. जाड, खरबरीत कागद, प्रशस्त समास, मजकुराशी नाते सांगणारी छोटी छोटी चित्रे. आपण अंक उघडतो तेव्हा आधी काही वाचत नाही, आधी पान दिसते. पान हे एकसंध दिसले पाहिजे, हा व्होगेलचा खरा छंद. तो लक्षात ठेवा. पुढे तोच कामास येणार आहे.

चित्रकारांची मंडळी तरुण, बहुतेक सुखवस्तू घरची, एकमेकांचे मित्र किंवा नातलग. लपाप, जॉर्ज बार्बिए, आंद्रे मार्ती, शार्ल मार्तँ, पिएर ब्रिसो, बेर्नार बुते द माँव्हेल. स्वतःच्या पोशाखाचा त्यांना मोठा अभिमान. यांपैकी बुते द माँव्हेल याची एक आठवण आपल्या कामाची आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची त्याने दोन चित्रे काढली. पहिले १९२९ चे : एकवीस वर्षांचा उंच, सडपातळ तरुण, युरोपीय पद्धतीचा काळा सायंकालीन पोशाख. दुसरे त्यानंतर चार-पाच वर्षांनी : तेच महाराज, पण मराठेशाही पांढऱ्या वेषात, डोक्यावर पागोटे, गळ्यात त्या घराण्याचे ते प्रसिद्ध मोठे हिरे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ‘गाझेत’च्या शाळेत शिकलेला चित्रकार कपड्याकडे किती गंभीरपणे पाहतो ते कळते. पागोट्याचे पेच त्याने प्वारेच्या नाटकी पागोट्यासारखे रंगवलेले नाहीत.

१९१४ च्या उन्हाळ्यापूर्वी व्होगेलने आणखी एक बेत केला होता. श्रीमंतांचे खेळ आणि करमणुकी हा विषय. चित्रे शार्ल मार्तँची, संगीत एरिक सातीचे. प्रथम काम स्ट्राव्हिन्स्कीकडे गेले होते, पण त्याला मोबदला कमी वाटला. सातीला तोच मोबदला जास्त वाटला म्हणून त्याने तक्रार केली, अशी आख्यायिका आहे. साती हा माणूस असे करू शकत होता. नौकाविहार, टेनिस, झोपाळा, समुद्रस्नान यांवर त्याने चिमुकले संगीत लिहिले, मार्तँने चित्रे पुरी केली. आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले.

त्या युद्धाने या लहानशा जगाचे काय केले ते थोडक्यात सांगतो. मार्तँ आघाडीवर गेला. खंदकांतील रेखाटनांचा त्याचा संग्रह १९१७ मध्ये निघाला. ‘गाझेत’ थांबले. १९१५ च्या उन्हाळ्यात मात्र एक खास अंक निघाला, तो सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, अमेरिकन प्रकाशक काँडे नास्ट याच्या साहाय्याने. पोशाख हा फ्रान्सच्या निर्यातीचा मोठा व्यापार होता. शत्रू देशात शिरला असतानाही पॅरिसच्या सुया चालू आहेत, हे गिऱ्हाइकांना कळवणे निकडीचे होते. ज्याच्या टाइपात हे मासिक जुळत असे तो जॉर्ज पेन्यो त्याच वर्षाच्या सप्टेंबरात लढाईत पडला. त्याचे तीन भाऊही त्या युद्धात गेले. पॅरिसमध्ये ‘चार पेन्यो बंधूंचा रस्ता’ अशा नावाचा एक रस्ता आहे.

१९२० च्या आरंभी ‘गाझेत’ पुन्हा निघू लागले. वरवर सारे तेच होते. पण नीट पाहता जग बदलले होते. स्त्रियांचे केस आखूड झाले, झगे आखूड झाले. सातीच्या संगीतासाठी १९१४ मध्ये काढलेली चित्रे आता जुनाट दिसू लागली. तेव्हा मार्तँने १९२२ च्या सुमारास तेच सारे प्रसंग नव्याने काढले, आणि संग्रह १९२३ मध्ये निघाला. काही थोड्या प्रतींत दोन्ही संच घातले आहेत. एकच झोपाळा, एकच टेनिस, मध्ये चार वर्षांचे युद्ध. युद्धापूर्वीच्या चित्रांत लांब झग्यांची, डौलदार माणसे आहेत. नंतरच्या चित्रांत क्यूबिस्टांसारखे कोन आणि तुकडे आहेत. कोठेही तोफ नाही, खंदक नाही. तरीही युद्धाने काय केले, हे त्या दोन संचांत दिसते तसे मी क्वचितच दुसरीकडे पाहिले आहे.

या दुसऱ्या पर्वात मादलेन व्हियोने हिचे पोशाख आले. ते काढणारा तायात हा इटालियन चित्रकार पहिल्या मंडळींहून अगदी वेगळ्या, भूमितीच्या वळणाचा होता. राउल द्युफीसारख्या चित्रकाराने काम केले. गुण काही कमी झाला नाही. खर्च मात्र आवाक्याबाहेर गेला. हाताने दोन लाख वेळा ब्रश फिरवण्याची मजुरी युद्धोत्तर पॅरिसमध्ये परवडेना. मासिक काँडे नास्टच्या हाती गेले होते. त्याच्या ‘व्होग’ची फ्रेंच आवृत्ती १९२० मध्येच निघाली होती, आणि ती यंत्रावर, मोठ्या संख्येने छापता येत होती. १९२५ मध्ये ‘गाझेत’ ‘व्होग’मध्ये विलीन झाले. एकूण अंक सुमारे सत्तर. लपाप, मार्ती आणि इतर ‘व्होग’ची मुखपृष्ठे आणि पाने रंगवू लागले. जुन्या अंकांतील चित्रे तेव्हापासून आजतागायत कापून, चौकटीत घालून सुटी विकली जात आहेत. त्यामुळे ज्यांच्या भिंतीवर ही चित्रे आहेत त्यांतील पुष्कळांना ती मासिकातली पाने होती हेही माहीत नसते. जो माणूस अखंड पानासाठी एवढा झटला, त्याच्या कामाची ही गत झाली.

आता त्या माणसाकडे वळू. व्होगेलची पत्नी कोझेत ब्रुनॉफ घराण्यातली. फ्रेंच ‘व्होग’ची पहिली संपादिका तीच. तिचा भाऊ मिशेल पुढे ‘व्होग’चा संपादक झाला, आणि दुसरा भाऊ झाँ याने आपल्या मुलांसाठी एका हत्तीची गोष्ट रंगवली. तो हत्ती म्हणजे बाबार. १९३१ मध्ये ते पुस्तक प्रथम प्रकाशित झाले ते व्होगेलच्याच ‘जार्दँ दे मोद’ या वेशभूषेच्या मासिकातर्फे. जगभरच्या मुलांचा लाडका हत्ती असा झग्यांच्या घरातून बाहेर पडला.

पण व्होगेल एवढ्यावर थांबला नाही. २१ मार्च १९२८ रोजी त्याने ‘व्ह्यू’ नावाचे साप्ताहिक काढले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘पाहिलेले’. हे सारे छायाचित्रांचे पत्र. सोळा वर्षांपूर्वी कॅमेरा बाजूला ठेवणारा माणूस आता सगळे कॅमेऱ्यावर सोपवतो, हे वरवर विसंगत वाटेल. तसे ते नाही. तोपर्यंतच्या सचित्र पत्रांत छायाचित्रे तिकिटांसारखी ओळीने चिकटवलेली असत. व्होगेलने पान ‘गाझेत’सारखेच मांडले : कोठे एकच चित्र दोन पानांवर पसरलेले, कोठे मोकळी जागा, कोठे चित्रांच्या क्रमातून उलगडणारी गोष्ट. केर्तेश, जर्मेन क्रुल यांसारखे छायाचित्रकार त्याने धरले. अमेरिकेतील ‘लाइफ’ त्याच पद्धतीने निघाले ते आठ वर्षांनी. आणि विषय? बेकारी, संप, तुरुंग, सोव्हिएत रशिया, जर्मनी. माडीकडे कधी न वळलेला आरसा आता रस्त्याकडे वळला होता.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. दोनच महिन्यांनी ‘व्ह्यू’चे एक पथक जर्मनीत गेले. त्यात व्होगेलची मुलगी मारी-क्लोद होती. वय वीस, जर्मन भाषा अवगत, हातात रोलीफ्लेक्स कॅमेरा. म्युनिकजवळ डाखाऊ येथे नुकतीच एक छळछावणी उघडली होती. बर्लिनजवळ ओरानिएनबुर्ग येथे दुसरी. या दोन्हींची छायाचित्रे तिने चोरून घेतली, आणि ती ‘व्ह्यू’मध्ये छापली गेली. म्हणजे युद्धापूर्वी सहा वर्षे, पॅरिसच्या कोणत्याही वाचकाला चौकात विकत घेऊन ती पाहता येत होती. ‘आम्हांला माहीत नव्हते’ असे नंतर पुष्कळ जण म्हणाले. ज्यांनी ते पत्र चाळले होते त्यांना तसे म्हणता येत नव्हते.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. ‘व्ह्यू’ने लोकसत्तेची बाजू घेऊन खास अंक काढला, २३ सप्टेंबरच्या अंकात रॉबर्ट कापा याचे, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचे ते प्रसिद्ध छायाचित्र छापले. त्या सुमारास व्होगेलला स्वतः काढलेले पत्र सोडावे लागले. ते दुसऱ्यांच्या हाती १९४० पर्यंत कसेबसे चालले. जर्मन फौजा आल्या तेव्हा व्होगेल अमेरिकेला निघून गेला. मेहुणा मिशेल पॅरिसमध्ये राहिला. जर्मनांच्या हुकमतीखाली ‘व्होग’ काढण्यास त्याने नकार दिला आणि मासिक बंद ठेवले. त्याच्या तरुण मुलाला १९४४ मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. व्होगेल युद्धानंतर परत आला, ‘जार्दँ दे मोद’चे काम पुन्हा हाती घेतले, आणि १९५४ साली वारला.

मारी-क्लोदने पोल व्हायाँ-कुतुरिए या कम्युनिस्ट पत्रकाराशी लग्न केले होते. तो १९३७ मध्येच वारला. जर्मन अमलात ती भूमिगत चळवळीत शिरली, फेब्रुवारी १९४२ मध्ये पकडली गेली, आणि २४ जानेवारी १९४३ रोजी २३० स्त्रियांबरोबर ऑश्विट्झला पाठवली गेली. त्यांतल्या ४९ परत आल्या. ती त्यांपैकी एक. नंतर तिला राव्हेन्सब्रुकच्या छावणीत हलवले होते. छावणी मुक्त झाल्यावरही आजारी सोबतिणींना सोडून येणे तिला रुचले नाही, म्हणून ती काही काळ तेथेच राहिली.

तिचा जन्म ३ नोव्हेंबर १९१२ चा. बापाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला तोच महिना.

२८ जानेवारी १९४६ रोजी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात तिची साक्ष झाली. पहाटेच्या अंधारात बर्फात उभे करून तासन्‌तास चालणारी हजेरी, पंचवीस नंबरची बरॅक, गाड्यांतून उतरणारी माणसे. जे पाहिले ते तिने क्रमाने, आवाज न चढवता सांगितले. साक्ष संपल्यावर ती आरोपींच्या बाकांपुढून चालत गेली. त्या माणसांचे चेहरे तिला जवळून पाहावयाचे होते.